थंड सळई

हिरामण, आगीला आज बावीस दिवस झाले आणि गुदामातून अजून धूर येतोय. विझली, विझली म्हणून सगळे सांगतात. बंबानं पाणी मारलं, हमालांनी सरकी फावड्यानं ओढून आवारात पसरली, वरून भाद्रपदाचा पाऊस पडतोच आहे. तरी सकाळी मी खोलीचं दार उघडलं की समोरच्या भिंतीच्या बुडातून एक बारीक रेघ वर जाताना दिसते. कपाशीचं बी ते, दिसायला गरीब. वरून ओलं असलं तरी आत काय चाललंय ते सांगत नाही. हे तूच मला शिकवलं होतंस, आणि मी मान डोलावून सोडून दिलं होतं.

माणूस गेला की लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलतात म्हणे. तुझ्या वाट्याला तेही आलं नाही. बाजारात बोलतात की आफ्रिकेहून एक खूळ घेऊन आला आणि त्या खुळापायी शेठचं गुदाम जाळलं. पंचनाम्यातही तसंच उतरलं: सरकीचे तीन बुटके ढीग होते, ते मोडून भिंतीशी एकच उंच ढीग केला, तो फिटर हिरामण यानं, खेळाला जागा व्हावी म्हणून. तो ढीग मी करायला लावला होता. गुदामाचा जमादार मी, हमाल माझे, हुकूम माझा. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं आणि सहा हमालांना माहीत होतं. हमालांना कोणी विचारलं नाही. मला विचारलं. मी काय बोललो ते सांगणारच आहे, पण एकदम जीभ वळत नाही.

तू युगांडाला निघालास तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं. इथं जिनिंगमध्ये फिटर, तिथंही जिनिंगमध्येच फिटर, मग त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा? तुझी पत्रं यायची, त्यात कामाच्या दोन ओळी आणि बॉलची दोन पानं. तिथली माणसं फुटबॉलसाठी जीव टाकतात, एक वेळ जेवण चुकवतील पण मैदान चुकवणार नाहीत, असं तू लिहायचास. आपण केळी पिकवून खातो, ते हिरवी उकडून खातात, असंही लिहायचास आणि खाली लिहायचास, "गोजरला सांगू नको, नाहीतर म्हणेल हाल होत आहेत." मी ते पत्र गोजरवहिनीलाच वाचून दाखवायचो. तिला वाचता येत नाही हे तू विसरायचास.

त्या पत्रांमधूनच मी तो खेळ वाढताना पाहिला. तिथं पावसात मैदानाचा लाल राडा होतो. मग मुकासा नावाचा तुमचा बॉयलरवाला कापसाच्या रिकाम्या गुदामात बॉल घेऊन शिरला. अकरा-अकरा माणसं मावेनात, म्हणून पाच-पाच. सिमेंटच्या जमिनीवर हवेचा बॉल छपरापर्यंत उडायला लागला, म्हणून त्यानं चामड्याच्या कवचात रुई ठासून भरली. बॉल जमिनीला चिकटून पळू लागला. आधी मैदानावरचे खेळाडू हसले, हा घरातल्या घरात खेळायचा खेळ म्हणून. वर्षभरात शेजारच्या जिनिंगचं गुदाम, मग मिशनच्या शाळेचा मोठा हॉल, मग पार सरोवराच्या बंदराकडच्या शेड. जिथं फरशी आणि छप्पर, तिथं पाच-पाच जण. शेवटी मोठ्या मैदानाचे संघच या गुदामातून माणसं उचलायला लागले, कारण चिंचोळ्या जागेत खेळून यांचे पाय शहाणे झाले होते. हे शब्द तुझेच. मला तेव्हा वाटायचं, हिऱ्याला तिकडचं पाणी लागलं.

मुकासाचा एक नियम तू पत्रात दोनदा लिहिला होतास. गुदामात मूठभर जरी सरकी असली तर बॉल आत आणायचा नाही. मला तो सोवळ्याओवळ्याचा प्रकार वाटला होता.

लढाई सुरू झाली आणि तू परत आलास, केस पिकलेले, पण पाय तसेच. शेठनं तुला पुन्हा फिटर म्हणून घेतलं. पहिल्या पावसाळ्यात तू आम्हाला मेहरूणच्या तळ्याकाठी घेऊन गेलास आणि आपल्या काळ्या मातीनं आमची चप्पल-पायताणं गिळली. तू म्हणालास, "दौल्या, आठे भी तसंच शे. छप्पर पायजे." मी गुदामाची किल्ली काढून दिली. ते वर्ष चांगलं होतं, हिरामण. माल निघून गेलेला, गुदाम कोरडं ठणठणीत, दगडी फरशी झाडून काढलेली. मी बेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, हमालांवर ओरडण्यापलीकडे अंगात कसब नसलेला माणूस. तू मला बॉल थांबवायला शिकवलंस, तळपायानं, पोळपाटावर लाटी दाबावी तसा. पंधरा दिवसांनी मी तो मान वर ठेवून थांबवला. तू नुसता हसलास. मला त्या दिवशी घरी जाताना आपण कोणीतरी आहोत असं वाटलं. एवढं सुख मला दुसऱ्या कोणी दिलेलं नाही, आणि हे तुला जिवंतपणी सांगायला माझ्या बापाचं काय गेलं असतं?

मग कानामागून आली आणि तिखट झाली, तसं या खेळाचं झालं. दोंडाईचाच्या जिनिंगचा एक सुतार काही कामासाठी आला होता, तो दोन तास भिंतीला टेकून बघत बसला आणि जाताना बॉलचं माप घेऊन गेला. पुढच्या पावसाळ्यात तिथं दोन संघ. धुळ्यालाही कोणी सुरू केल्याचं कानावर आलं. तू खुशीत म्हणायचास, "मुकासाले लिखसु." लिहिलंसही. आणि दोंडाईचावाल्यांचा निरोप आला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीनं येतो, सामना होऊ द्या.

आता इथून पुढचं मला सरळ लिहायचंय.

यंदा लढाईमुळे रेल्वेच्या मालवाहू वाघिणी मिळाल्या नाहीत. सरकी उठली नाही. पावसाळा लागला तरी निम्मं गुदाम सरकीनं भरलेलं, कमरेएवढे तीन ढीग, मधे वारा खेळायला वाटा. पत्रे दोन ठिकाणी गळत होते. ओल लागलेली सरकी तापते, हे जिनिंगमधलं पोरही जाणतं, म्हणून आपण ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवतो आणि रोज सकाळी ती उपसून तळहातावर धरतो. थंड असली तर बरं. कोमट असली तर ढीग पसरायचा. माझा बाप असंच करायचा, मीही असंच करत आलो.

तू म्हणालास, यंदा सामना नको. मुकासाचा नियम सांगितलास. मी म्हणालो, नको कसा? शेठ स्वतः बघायला येणार, खुर्च्या सांगून ठेवल्यात, गावभर झालंय. खरं सांगू? गावभर मीच केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला रस्त्यात थांबवून विचारत होते, दौलतभाऊ, सामना किती वाजता. मग सामन्याच्या सहा दिवस आधी, तू बॉयलरचे पाइप उतरवण्यात गुंतला होतास तेव्हा, मी हमालांना लावून तिन्ही ढीग मागच्या भिंतीशी ओढले. एकच ढीग, दोन पुरुष उंच, वर आढ्याला टेकायला आलेला. फरशी लांबलचक मोकळी झाली. मी किती खूश होतो.

तू संध्याकाळी आलास, दारातच थांबलास. हातातला पाना तसाच होता.

"हाई कोनी करं?"

"मी केलं. बघ कशी जागा निघाली."

"परत मोड."

"सामना झाला की मोडतो. सळई खुपसली आहे, रोज बघतो."

त्यानंतर तू रोज विचारायचास आणि मी रोज सळई उपसून तुझ्या हातावर ठेवायचो. थंड. चौथ्या दिवशीही थंड. मी तुला टोमणा मारला, आफ्रिकेत राहून तुझं काळीज मऊ झालंय. तू सळई हातात घेऊन ढिगाकडे बघत होतास. म्हणालास, "दौल्या, सळई हातभर मजार जास. ढीग केवढा शे? सळई थंडी शे, ढीग थंडा शे का, ते सांग." मी हसलो. सळई थंड ती थंड, हाताच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणालो. माझ्या बापाच्या वेळचे ढीग कमरेएवढे होते, त्यात हातभर सळई म्हणजे निम्मा ढीग. या ढिगात हातभर म्हणजे नुसतं साल. एवढा हिशेब मला कळत नव्हता असं नाही. मला तो करायचा नव्हता.

त्याच सुमाराला आवारातल्या मांजरी ढिगाच्या माथ्यावर झोपायला लागल्या. चारच्या चार. बाहेर गारठा, त्यांना ऊब मिळाली. हमाल हसले, मीही हसलो, म्हणालो, बघा, प्रेक्षक आतापासून जागा धरून बसले. तू एकटा हसला नाहीस. तू शिडी लावून माथ्याच्या कडेला हात ठेवलास आणि बराच वेळ तसाच उभा राहिलास. मी मुद्दाम पाठ फिरवून खुर्च्यांचं बघायला गेलो. तेव्हा तू मला गचांडी धरून का नाही ओढलंस? याचा मला अजून राग आहे, सांगून ठेवतो. तू मोठ्यानं बोलला असतास तर शेठनं सामना बंद केला असता आणि पुन्हा कधी किल्ली दिली नसती. ते तुला नको होतं. म्हणजे थोडा खेळ तुलाही सुटत नव्हता. मी एकटाच हावरा नव्हतो.

सामन्याच्या दिवशी दोंडाईचाची माणसं दुपारच्या गाडीनं आली, डोक्यावर गोणपाट घेऊन, भिजलेली. गुदामात शिरल्यावर त्यांच्यातला एक म्हणाला, "आठे गरम शे बरं." सगळे बरं वाटून हसले. फरशीला हात लावला तर खरंच कोमट लागायची, ढिगाच्या बाजूला. कडवट, भाजलेल्या तिळासारखा वास होता. शेठ म्हणाले, तेलाचा वास आहे, सरकी आहे ना. मी हो म्हणालो.

तू गोलात उभा राहिलास. आपल्यातला सगळ्यात पुढे खेळणारा माणूस, आणि तू ढिगाकडच्या गोलात. मी ओरडलो, तर म्हणालास पाय दुखतोय. मध्यंतराला बाजू बदलायच्या तर तू नाही म्हणालास. युगांडात बाजू बदलत नाहीत, असं सांगितलंस. दोंडाईचावाले कबूल झाले. मी तुला बाजूला घेऊन शिव्या दिल्या, आपल्याला एक गोल हवाय आणि तू तिथं काय दगडासारखा उभा आहेस? तू कपाळाचा घाम पुसलास. "मी आठेच ऱ्हासु." एवढंच. तुझी पाठ सगळा वेळ ढिगाकडे होती आणि तुझा पोटरीचा भाग लाल झाला होता. तू गोल राखत नव्हतास. ढिगाजवळ कोणी जाऊ नये म्हणून तिथं उभा होतास. हे मला आता कळतं, आणि आता कळून काय उपयोग.

शेवटी शेवटी त्या दोंडाईचाच्या सुतारानं बॉल असा मारला की तो तुझ्या डोक्यावरून ढिगाच्या माथ्यावर जाऊन बसला. आणि तो भला माणूस, आपण मारला म्हणजे आपणच आणायचा, म्हणून पळत ढिगावर चढला. तू ओरडलास, "वर जाऊ नको. उतर खाले." लोकांना वाटलं तू वेळ वाया जातो म्हणून चिडलास, ते अजून हसले. सुताराचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि त्याचा चेहरा बदलला. तू दोन ढांगांत वर होतास. त्याला काखेत धरून खाली भिरकावलंस. आणि मग तुझ्या पायाखालचं साल बसलं. आवाज झाला नाही. तू कमरेपर्यंत गेलास, वारा आत शिरला आणि आतून निखाऱ्याचा तो रंग वर आला.

आम्ही तुला खेचलं. मीही खेचलं. माझ्या हाताला फोड आहेत, पण ते कोणाला दाखवावेत असे नाहीत.

सरकारी दवाखान्यात तू तीन दिवस काढलेस, केळीच्या पानावर. तुझ्या अंगाला दुसरं काही चालत नव्हतं. मी रोज यायचो, स्टुलावर बसायचो. तू विचारलंस, सुतार बरा आहे का. विचारलंस, आवारातल्या धाकट्या गुदामातली सरकी पसरली का. मी त्याच दिवशी पसरली होती. सामना कोणी जिंकला, हे तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही, कारण कोणीच जिंकलं नव्हतं. मी तुझ्या उशाशी बसून मनात म्हणत होतो, आता बोल दौलत, आता बोल. आणि तोंडानं म्हणालो, "पाणी देऊ का?" वहिनी पायथ्याशी बसलेली असायची. तिच्यासमोर नको, ती बाहेर गेली की बोलू, असं ठरवायचो. ती बाहेर गेली की तू झोपलेला असायचास.

तुझ्या पाचव्याला फौजदार आणि पंच आले. फाटकात सगळे उभे. "ढीग कोणी रचायला लावला?" शेठचे कारकून म्हणाले, "फिटरनं. त्याचाच तर खेळ." फौजदारानं माझ्याकडे बघितलं. "काय जमादार?" मी होय म्हणालो, हिरामण. त्यांनी मला मारलं नाही, धमकावलं नाही. नोकरी आणि खोली, एवढंच डोळ्यांसमोर आलं आणि होय हा शब्द आपोआप बाहेर पडला, जणू सकाळपासून तोंडात तयारच होता.

नवव्या दिवशी गोजरवहिनी माझ्या दारात आली. आत आली नाही. "भाऊ, तुम्ही खरं सांगा. ढीग त्यासनी रचाले लावा का?" माझी बायको चुलीपाशी थांबली, काय बोलतो ते ऐकायला. मी म्हणालो, "लिहिलंय तेच खरं, वहिनी." ती म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी तिला खोली सोडायला सांगितलं, ज्यानं गुदाम जाळलं त्याच्या घराला जिनिंगच्या चाळीत जागा नाही, असा निरोप. तेरावा झाला आणि ती तुझ्या लेकीला घेऊन साक्रीकडे भावाच्या गावी निघून गेली. तुमच्या दाराला कुलूप लागलं ते माझ्या हातानं. किल्ल्या माझ्याकडेच असतात ना.

त्या कुलपापाशी मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी किल्ली फिरवली, आणि उलटी फिरवून दार पुन्हा उघडलं, आणि शेठकडे गेलो. शेठनं ऐकून घेतलं. म्हणाले, "दौलत, मेलेल्याला काय फरक पडतो? तुला बायका-पोरं आहेत. कागद झालाय." मी म्हणालो, कागद खोटा झालाय. फौजदारासमोर पुन्हा सांगितलं, खाली सही केली. सहा हमालांनी मान हलवली, कोणीतरी विचारायचीच वाट बघत होते. माझी नोकरी गेली. महिनाअखेर मी खोली सोडायची, आणि तुमची खोली वहिनीची राहायची, असं शेठ म्हणाले. त्यांनी ते चिडून म्हटलं, पण चार माणसांसमोर म्हटलं.

मी चाळीसगाववरून धुळ्याला गेलो, तिथून सर्व्हिस मोटारीनं साक्री, पुढे दोन कोस चिखल. वाटेत मी भाषण तयार केलं होतं. शेवटी वहिनी खुश होईल, रडेल, शिव्या देईल, काहीतरी करेल, असं मनाशी धरून चाललो होतो. ती अंगणात नागलीचं पीठ चाळत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: ढीग माझा, होय माझं, खोटं माझं. खोली तुमची आहे, चला. तिनं चाळणी थांबवली नाही. माझं संपल्यावर तिनं ती बाजूला ठेवली आणि हात पदराला पुसले.

"माले त्याच दिन ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "सकायले घरमाईन निंघतांना त्या म्हनेत, ढीग तपेल शे, मी तठेच उभा ऱ्हासु. दवाखानामा मी तीन येळा इचारं, ढीग कोनी रचाले लावा. त्यासनी तुमनं नाव लिधं नही." ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही. "म्हनीसन मी तुमना दारवर उनू. माले वाटनं, तुम्हीच तुमनं नाव लेशात."

मग ती चाळणी उचलून आत गेली. मी तुमच्या खोलीची किल्ली उंबऱ्यावर ठेवली. वहिनी अजून आलेली नाही.